नवा कण शोधताना नेमकं काय मोजतात?

लार्ज हेड्रॉन कोलायडरवर (एलएचसी, प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारं सर्न प्रयोगशाळेचं यंत्र) नवे कण शोधतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, २०१२ मध्ये हिग्ज सापडल्यानंतर दुसरा नवा मूलकण का मिळाला नाही, आणि तरीही याहून मोठी यंत्रं बांधायची ती कशाच्या जोरावर, असा प्रश्न आहे. (प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांचे नवे जोडकण, म्हणजे टेट्राक्वार्क, पेंटाक्वार्क वगैरे बरेच मिळाले, पण ते जुन्याच घटकांचे बनलेले. इथे प्रश्न मूलकणांचा, म्हणजे ज्यांना आणखी घटक नाहीत अशा कणांचा आहे.)

नवा कण डिटेक्टरमध्ये, म्हणजे टकरीतून निघालेले कण टिपणाऱ्या उपकरणात, कधी ‘दिसत’ नाही. जड कण जन्मतो आणि बहुधा अणुकेंद्राच्या रुंदीइतकंही अंतर न कापता फुटतो. आपल्या हाती लागतात ते ओळखीचेच कण: इलेक्ट्रॉन, म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद), फोटॉन (प्रकाशकण) आणि क्वार्क-ग्लुऑनांपासून निघणारे कणांचे झोत, म्हणजे जेट. हेच कण जुन्या, माहीत असलेल्या प्रक्रियांतूनही येतात आणि कितीतरी जास्त संख्येने येतात. या जुन्या घटनांना पार्श्वभूमी म्हणतात, नव्या कणाच्या घटनांना सिग्नल. त्यामुळे एखाद्या घटनेकडे बोट दाखवून ‘हा नवा कण’ असं म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच की या कप्प्यात (ठरावीक अटींत बसणाऱ्या घटनांच्या गटात) जुन्या भौतिकीच्या हिशेबाने इतक्या घटना यायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात इतक्या आल्या. शोधमोहिमेतले बहुतेक श्रम त्या ‘यायला हव्या होत्या’च्या आकड्यावर खर्च होतात. तो आकडा कच्चा असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

एलएचसीच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात. एका पुंजक्यात दहा हजार कोटींहून अधिक प्रोटॉन असतात, आणि दोन पुंजके एकमेकांतून जाताना सध्या पन्नास-साठ टकरा एकदम होतात. १३ टीईव्ही ऊर्जेला (टीईव्ही आणि त्याचा हजारावा भाग जीईव्ही ही कणांच्या ऊर्जेची आणि वस्तुमानाची एककं) साधारण दीडशे कोटी टकरांमागे एक हिग्ज तयार होतो, आणि अशा हजार हिग्जांपैकी जेमतेम दोन फोटॉनांच्या जोडीत फुटतात. ज्या कणांच्या मागे आता आपण आहोत ते हिग्जपेक्षाही हजारो पटींनी दुर्मीळ असणार, हे धरूनच कामाला बसावं लागतं.

पहिला घाव ट्रिगरचा, म्हणजे कुठली घटना ठेवायची हे जागीच ठरवणाऱ्या यंत्रणेचा, बसतो. सेकंदाला तीन-चार कोटी वेळा पुंजके भेटतात. सगळं साठवणं शक्यच नाही. हार्डवेअरची पहिली पातळी काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेते आणि सेकंदाला सुमारे एक लाख घटना पुढे सोडते. संगणकांचा ताफा त्यातल्या काही हजार ठेवतो. उरलेलं कायमचं गेलं. म्हणून कुठल्याही शोधाचा आराखडा मांडताना पहिला प्रश्न सिद्धांताचा नसतो. आपला सिग्नल कुठल्या ट्रिगरमधून आत येणार, हा असतो. एकट्या इलेक्ट्रॉनला किंवा म्यूऑनला २५-३० जीईव्हीच्या आसपास आडवा (प्रोटॉनांच्या शलाकेला काटकोनातला) संवेग लागतो, पण एकट्या जेटला चारशे-पाचशे जीईव्ही. म्हणजे दोन जेटमध्ये फुटणारा ५०० जीईव्हीचा कण असेल, तर त्याच्या बहुतेक घटना आपण रोज फेकून देत असू. यावरची तोड अशी: घटनेचा सगळा कच्चा डेटा न ठेवता ट्रिगरने जागच्या जागी मोजलेले जेट आणि म्यूऑन तेवढे ठेवायचे. एक घटना मेगाबाइटऐवजी काही किलोबाइटांत बसते आणि दर कितीतरी पटींनी वाढवता येतो. सीएमएस या एलएचसीवरच्या प्रयोगाचे लोक याला स्काउटिंग म्हणतात. किंमत एवढीच की नंतर शंका आली तर त्या घटनेचा कच्चा डेटा पुन्हा उघडून बघता येत नाही.

ट्रिगरची मर्यादा कड्यासारखी सरळ नसते, चढासारखी असते. ३० जीईव्हीला अर्ध्या घटना निवडल्या जातात, ३५ ला जवळजवळ सगळ्या. विश्लेषणाची अट त्या चढावर ठेवली की वितरणात खोटा उंचवटा तयार होतो, कारण खालची बाजू ट्रिगरने खाल्लेली असते. म्हणून अट चढ संपून सपाटी आल्यावरच लावायची, थोडा सिग्नल गमवावा लागला तरी.

किती घटनांची अपेक्षा धरायची, ते साध्या गुणाकाराने निघतं. २०१५ ते २०१८ या काळात अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन मोठ्या प्रयोगांना प्रत्येकी सुमारे १४० इन्व्हर्स फेम्टोबार्न (टकरांच्या एकूण साठ्याचं एकक) डेटा मिळाला. एखाद्या प्रक्रियेचा काटछेद (ती घडण्याच्या शक्यतेचं माप) एक फेम्टोबार्न असेल तर १४० वेळा ती घडली. डिटेक्टरची पोच, कणांची ओळख आणि आपल्या अटी यांतून वीस टक्के टिकल्या, तर हाती २८. पार्श्वभूमी शून्य असलेल्या कप्प्यात काहीच सापडलं नाही, तर ९५ टक्के खात्रीने तीनपेक्षा जास्त सिग्नल-घटना अपेक्षित असणारे सगळे पर्याय बाद होतात. हे तीन म्हणजे ०.०५ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमचं चिन्ह उलटवलेलं मूल्य. तीनला २८ ने भागलं की सुमारे ०.११ फेम्टोबार्न ही मर्यादा कागदावरच निघते. संगणकावर आठवडाभर चाललेल्या गणिताचं उत्तर या अंदाजापासून दुपटीहून लांब गेलं, तर आधी स्वतःची चूक शोधावी.

पार्श्वभूमीचं खरं स्वरूप कळायला एकच उदाहरण जवळून बघू. गुप्त पदार्थाचे (डार्क मॅटरचे) कण टकरीत तयार झाले तर डिटेक्टरमधून निमूट निघून जातील. मागे राहील एक जोरकस जेट आणि त्याच्या विरुद्ध बाजूला हिशेबात न जुळणारा, अदृश्य कणांनी नेलेला आडवा संवेग. अगदी हेच चित्र झेड बोसॉन (क्षीण बल वाहणारा कण) न्यूट्रिनोंच्या (डिटेक्टरला न दिसणाऱ्या कणांच्या) जोडीत फुटला की दिसतं, आणि हे दोन प्रकार घटनागणिक वेगळे करता येत नाहीत. मग झेडच्या अशा घटना किती, हे मोजायचं कसं? सिम्युलेशनवर थेट विसंबलं तर दहा-वीस टक्क्यांची चूक सहज होते. त्याऐवजी झेड म्यूऑनांच्या जोडीत फुटलेल्या घटना घ्यायच्या, ते दोन म्यूऑन हिशेबातून पुसून टाकायचे आणि जणू ते अदृश्य होते असं धरून आडवा संवेग पुन्हा काढायचा. झेडला कसं फुटायचं याच्याशी जेटचा काही संबंध नसतो, त्यामुळे वितरण तेच येतं. अडचण अशी की म्यूऑनांत फुटणारे झेड न्यूट्रिनोंत फुटणाऱ्यांच्या एक-षष्ठांश असतात, आणि जिथे नवा कण असण्याची आशा, त्या जास्त संवेगाच्या शेपटीतच ते संपतात. म्हणून डब्ल्यू (झेडचा विद्युतभारित जोडीदार) आणि फोटॉनच्या घटनाही जोडीला घ्यायच्या. त्यांची संख्या भरपूर, पण झेडशी असलेलं त्यांचं गुणोत्तर सिद्धांतातून आणावं लागतं, आणि त्यात विद्युतक्षीण (विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांच्या) दुरुस्त्या चुकल्या तर शेपटीत काही टक्के इकडचे तिकडे होतात. हा सगळा खटाटोप कमी ऊर्जेच्या कप्प्यांत अनिश्चितता दोन टक्क्यांच्या आसपास आणण्यासाठी. तिथे नुसता डेटा वाढवून पुढे सरकता येत नाही, कारण सांख्यिकीय चूक आधीच नगण्य झालेली असते.

याशिवाय टकरीशी संबंध नसलेली पार्श्वभूमीही असते: कॅलरिमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) एका चॅनेलमधला गोंगाट, किरणशलाकेच्या कडेने येणारे म्यूऑन, वैश्विक किरण. न जुळणाऱ्या संवेगाचं वितरण साफसफाईआधी पाहिलं, तर त्याची शेपूट बहुतांशी याच कचऱ्याची असते. अशा घटनांची दिशा काढून पाहावी. खऱ्या घटना शलाकेभोवतीच्या कोनात सारख्या पसरतात. शलाकेच्या कडेचे म्यूऑन वलयाच्या पातळीत, शून्य आणि १८० अंशांपाशी, गोळा होतात. हे एक वितरण काढायला पाच मिनिटं लागतात आणि त्याने महिने वाचतात.

सिग्नलचा कप्पा शेवटपर्यंत झाकून ठेवायचा, ही शिस्त शोभेची नाही. अटी कुठे लावायच्या हे डेटा पाहून ठरवलं, तर माणूस नकळत उंचवट्याच्या बाजूने अटी सरकवतो. आधी कंट्रोल रीजनमध्ये, म्हणजे सिग्नल नसलेल्या कप्प्यात, पार्श्वभूमी बसवायची, मधल्या पडताळणीच्या कप्प्यांत ती तपासायची, आणि मगच झाकण काढायचं. पडताळणीच्या कप्प्यात दोन सिग्माचा (सिग्मा म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप) फरक आला, तर ‘अनिश्चितता वाढवून घेऊ’ म्हणणारा गट नंतर हमखास अडचणीत येतो. फरकाचं कारणच शोधायला हवं.

सांख्यिकीत नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे सिग्नल भागिले पार्श्वभूमीचं वर्गमूळ हे सूत्र कुठेही वापरणं. समजा पार्श्वभूमी ४ अपेक्षित आहे आणि घटना १४ आल्या. जादा १० ला २ ने भागून ‘पाच सिग्मा’ म्हणायचा मोह होतो. पॉइसाँ वितरणाने मोजलं तर ४ च्या अपेक्षेत १४ किंवा जास्त घटना योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे तेरा हजारांत एक, म्हणजे ३.८ सिग्मा. पाच सिग्मासाठी, म्हणजे सुमारे ३५ लाखांत एक या शक्यतेसाठी, १८ घटना लागल्या असत्या. तो ४ चा आकडाच एकने इकडेतिकडे असू शकतो हे धरलं, तर अर्थवत्ता, म्हणजे हा सिग्मांचा आकडा, आणखी खाली येते.

उंचवटे शोधताना आणखी एक सापळा असतो. दोन म्यूऑन किंवा दोन जेट यांच्या एकत्रित वस्तुमानाचं वितरण गुळगुळीत उतरतं असं धरून त्यावर वक्र बसवतात आणि उंचवटा शोधतात. पण निवडीची एखादी अट वस्तुमानाशी बांधलेली असेल, तर ती पार्श्वभूमीलाच उंचवट्याचा आकार देते. मशीन लर्निंगमध्ये हे फार सहज घडतं: न्यूरल नेटवर्कला एकाच वस्तुमानाचा सिग्नल दाखवून शिकवलं की ते नव्या कणाची लक्षणं शिकण्याऐवजी ते वस्तुमानच पाठ करतं, आणि मग शुद्ध पार्श्वभूमीतूनही नेमका तिथे डोंगर काढून देतं. उपाय म्हणजे प्रशिक्षणासाठी अनेक वस्तुमानं सलग पसरून द्यायची, आणि निवडीआधी व नंतर पार्श्वभूमीचा आकार बदलतो का ते बघायचं. डिटेक्टरचं भेदनही लक्षात ठेवावं. एक टीईव्ही संवेगाच्या म्यूऑनचा मार्ग चुंबकीय क्षेत्रात इतका कमी वळतो की त्याच्या संवेगात दहा टक्क्यांच्या घरात चूक होते. त्याच ऊर्जेचा इलेक्ट्रॉन कॅलरिमीटरमध्ये एक-दोन टक्क्यांत मोजला जातो. म्हणून जड कण इलेक्ट्रॉनांच्या जोडीत टोकदार दिसेल आणि म्यूऑनांच्या जोडीत पसरट. दोन्हीकडे सारखाच टोकदार उंचवटा दिसला तर आनंदाऐवजी शंका यायला हवी.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस दोघांनाही दोन फोटॉनांच्या वितरणात ७५० जीईव्हीपाशी उंचवटा दिसला. अ‍ॅटलासची स्थानिक अर्थवत्ता साडेतीन सिग्माच्या वर होती. पण उंचवटा कुठेही येऊ शकला असता आणि आपण सगळीकडे बघत होतो, हे हिशेबात धरलं की सर्वंकष आकडा दोनच्या आसपास उतरत होता. त्यावर पाचशेहून अधिक सैद्धांतिक लेख लिहिले गेले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी पट डेटा आला आणि उंचवटा विरला. कुणी चूक केली नव्हती. शेकडो वितरणांत हजारो जागी बघितलं की तीन सिग्मा कुठे ना कुठे येणारच. स्थानिक आकडा मथळ्यात आणि सर्वंकष आकडा तळटीपेत गेला, की वाचकाची फसगत होते.

मग काही मिळालं नाही, याचा अर्थ काय? ‘ग्लुइनो सव्वादोन टीईव्हीच्या खाली नाही’, ‘नवा झेड पाच टीईव्हीच्या खाली नाही’ ही वाक्यं अर्धीच असतात. (ग्लुइनो हा ग्लुऑनचा कल्पित जड जोडीदार, नवा झेड म्हणजे झेडसारखाच पण जास्त जड कल्पित कण.) पुढचा अर्धा भाग असा: ग्लुइनो ठरावीक मार्गानेच फुटत असेल, शेवटचा अदृश्य कण हलका असेल, आणि नव्या झेडची जोडणी (इतर कणांशी होणाऱ्या परस्परक्रियेची ताकद) जुन्या झेडइतकीच असेल तर. ग्लुइनो आणि त्या अदृश्य कणाच्या वस्तुमानांतला फरक थोडा असला, तर बाहेर पडणारे जेट मवाळ होतात, ट्रिगरच्या खाली जातात आणि मर्यादा एकदम खाली घसरते. नव्या झेडची जोडणी शंभरपट क्षीण असेल तर तो काही शे जीईव्हीलाही लपू शकतो. वर्जनाचे (काय बाद झालं ते दाखवणारे) आलेख वाचताना रंगवलेला भाग बघण्याआधी कोपऱ्यातल्या अटी वाचाव्या.

सर्वांत मोठी मोकळी जागा दीर्घायुषी, म्हणजे फुटण्याआधी बरंच अंतर जाणाऱ्या कणांची आहे. नेहमीची मार्ग-जुळवणी (डिटेक्टरमधले ठिपके जोडून कणांचे मार्ग काढणं) ‘सगळं टकरीच्या बिंदूपासून निघतं’ असं धरते. बिंदूपासून सेंटीमीटरभर चुकवून जाणारे मार्ग ती बहुधा सोडून देते, कारण सगळेच जोडायचे तर संगणकाचा वेळ पुरत नाही. निवडक घटनांवर वेगळी जुळवणी चालवली की हे अंतर ३० सेंटीमीटरपर्यंत नेता येतं. मग दुसरा त्रास सुरू होतो: कण सिलिकॉनच्या थरांवर, आधारांवर, नळ्यांवर आदळूनही दूरचे शिरोबिंदू (अनेक मार्ग जिथून फुटतात ते बिंदू) तयार करतात. त्यासाठी डिटेक्टरमधल्या पदार्थाचा नकाशा काढून तेवढ्या जागा वगळाव्या लागतात. काही कण तर डिटेक्टर ओलांडून बाहेरच फुटतील. अ‍ॅटलासच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटरवर, शलाकेच्या रेषेत बसवलेला छोटासा फेझर प्रयोग त्यांचीच वाट बघतो. तो २०२२ पासून डेटा घेतोय.

आता पुढची यंत्रं. एलएचसीचंच उच्च-दीप्ती (जास्त टकरा देणारं) रूप २०३० च्या सुमारास सुरू होऊन ३००० इन्व्हर्स फेम्टोबार्न जमवणार आहे. एका वेळी १४० ते २०० टकरा होतील. त्या सुट्या करायला तीस-चाळीस पिकोसेकंद अचूकतेचे वेळमापक थर बसवले जाताहेत. डेटा वीसपट झाला तरी जड कणांची पोच वीसपट वाढत नाही. प्रोटॉनमधल्या ज्या क्वार्कांकडे जास्त ऊर्जा असते त्यांची संख्या इतक्या वेगाने घटते, की नव्या झेडची पोच पाचवरून साडेसहा टीईव्हीच्या आसपास जाते. हलक्या पण दुर्मीळ कणांसाठी मात्र हा डेटा सोन्यासारखा आहे.

जास्त वस्तुमान हवं तर जास्त ऊर्जाच लागते. सर्नच्या फ्यूचर सर्क्युलर कोलायडरच्या आराखड्यात सुमारे ९१ किलोमीटरचं वलय आहे: आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन, नंतर त्याच बोगद्यात ८५ ते १०० टीईव्हीचे प्रोटॉन. एलएचसीचे वळवणारे चुंबक ८.३ टेस्लाचे आहेत. नव्यांना १४ टेस्ला किंवा अधिक लागेल. ते निओबियम-टिनचे करावे लागतात, आणि हा पदार्थ ठिसूळ असल्याने गुंडाळी आधी करून भट्टीत नंतर भाजावी लागते. वेळ मुख्यतः तिथेच लागणार आहे.

इलेक्ट्रॉनांच्या टप्प्याकडे ‘नुसती मोजमापं’ म्हणून पाहणं चूक आहे. २४० जीईव्हीला झेड आणि हिग्ज जोडीने तयार होतात. सुरुवातीची ऊर्जा नेमकी माहीत असते, त्यामुळे झेडचे दोन म्यूऑन मोजले की समोरच्या कणाचं वस्तुमान वजाबाकीने निघतं, आणि १२५ जीईव्हीपाशी शिखर येतं, हिग्ज कशातही फुटो. तो अदृश्य कणांत फुटत असेल तर एलएचसीला आज त्याचा सुमारे दहावा भागही लपलेला कळत नाही. इथे ती मर्यादा टक्क्याच्या आत येते. शिवाय झेडच्या शिखरावर लाखो कोटी झेड मिळतील. आधीच्या लेप या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रावर चार प्रयोगांना मिळून एक कोटी सत्तर लाख मिळाले होते. झेड दर काही अब्जांत एकदा जड न्यूट्रिनोत फुटत असेल, तर ते फक्त इथेच दिसेल.

‘वर काहीतरी असेलच’ एवढ्या भरवशावर मोठं यंत्र मागणं मला पटत नाही. पण काही प्रश्नांना वरची सीमा आहे. गुप्त पदार्थ विद्युतक्षीण बलाने जोडलेला साधा कण असेल, तर विश्वातल्या आजच्या प्रमाणावरून त्याचं वस्तुमानच ठरतं: हिग्जिनोसारखा (हिग्जचा कल्पित जोडीदार) असेल तर सुमारे १.१ टीईव्ही, विनोसारखा (डब्ल्यूचा कल्पित जोडीदार) असेल तर तीनच्या जरा खाली. विनोचा विद्युतभारित जोडीदार त्याच्यापेक्षा फक्त १६० एमईव्हीने (०.१६ जीईव्हीने) जड असतो, सहाएक सेंटीमीटर जातो आणि एक मवाळ पायॉन (क्वार्कांचा बनलेला हलका कण) सोडून नाहीसा होतो. डिटेक्टरमध्ये उमटतो तो मध्येच तुटलेला मार्ग: आतल्या तीन-चार थरांत ठिपके, पुढे काही नाही. हिग्जिनोचा मार्ग तर सात-आठ मिलिमीटरच, पहिल्या थराच्याही आत संपणारा. वेगाने निघालेला एखादाच थरांपर्यंत पोचतो. एलएचसी या वस्तुमानांच्या बरीच खाली थांबते. शंभर टीईव्हीचं प्रोटॉन यंत्र विनोचा पूर्ण निकाल लावू शकतं, आणि आतला पहिला थर शलाकेच्या पुरेसा जवळ आणता आला तर हिग्जिनोचाही.

तिसरा रस्ता म्यूऑनांचा. इलेक्ट्रॉन वळवला की प्रकाश सोडून ऊर्जा गमावतो. लेपमध्ये शेवटी शेवटी दर फेरीला तीन जीईव्हीहून जास्त जात होती. म्यूऑन २०७ पट जड असल्याने हा तोटा नगण्य होतो, आणि मूलकण असल्याने त्याची सगळी ऊर्जा टकरीला मिळते. पण तो २.२ मायक्रोसेकंदांत मरतो. ५ टीईव्हीला सापेक्षतेमुळे हे आयुष्य सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत ताणलं जातं, म्हणजे दहा किलोमीटरच्या वलयात साधारण तीन हजार फेऱ्या. तेवढ्यात टकरा घडवून आणायच्या, आणि त्याआधी विस्कळीत जन्मलेल्या म्यूऑनांना थंड करून बारीक शलाकेत बसवायचं. वाटेत मरणाऱ्या म्यूऑनांचे इलेक्ट्रॉन भिंतींवर आदळून डिटेक्टरमध्ये कणांचा पाऊस पाडतात. तो अडवायला शलाकेभोवती टंगस्टनचे शंकू लावावे लागतात, आणि त्या शंकूंमागे शलाकेजवळचे कोन आंधळे होतात. तुटलेले मार्ग शोधायचे असतात ते नेमके पहिल्या थरांत, आणि हा पाऊस सर्वांत दाट पडतो तोही तिथेच. म्यूऑन यंत्रावर विनो-हिग्जिनोचा शोध किती दूर जाईल, हे त्या थरांचं वेळभेदन किती पिकोसेकंदांवर येतं यावर ठरेल.